कार्बनचे नॅनोपदार्थ आणि कॅन्सर: सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दोन प्रकारची माणसं विचारतात. एक म्हणजे रुग्णाचे नातेवाईक, ज्यांच्या मोबाईलवर ‘कार्बनचे सूक्ष्म कण गाठ जाळतात’ असा व्हिडिओ येऊन पडलेला असतो. दुसरे म्हणजे एमएस्सी-पीएचडीचे विद्यार्थी, ज्यांच्या बाटलीत काळा गाळ बसलेला असतो. पहिल्यांचे बहुतेक प्रश्न आधी घेतले आहेत, शेवटचे दोन पुन्हा त्यांच्यासाठीच.

हा उपचार सोलापुरात कुठे मिळतो?

कुठेच नाही. पुण्या-मुंबईतही नाही. ग्राफीन, कार्बन नॅनोट्यूब, कार्बन डॉट यांपैकी कशानेही गाठ बरी करण्याचा नियमित उपचार भारतातल्या कुठल्याही रुग्णालयात दिला जात नाही. कुणी ‘आम्ही देतो’ म्हणत पैसे मागत असेल, तर तिथून उठावं.

मग बातम्या खोट्या आहेत का?

खोट्या नाहीत, अर्धवट आहेत. २००५ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात पेशींच्या आत शिरलेल्या नॅनोट्यूबवर ८०८ नॅनोमीटरचा लेझर टाकून त्या पेशी मारून दाखवल्या. २०१० मध्ये चीनमध्ये पीईजीचं (पॉलिएथिलीन ग्लायकॉल या पॉलिमरचं) आवरण दिलेलं ग्राफीन उंदरांच्या शिरेतून देऊन, लेझरने त्यांच्या गाठी जाळून दाखवल्या. दोन्ही कामं खरी आहेत. पण बातमीत ‘उंदीर’ हा शब्द सातव्या ओळीत असतो आणि पुढे पाठवताना नेमकी तीच ओळ गळते.

त्या उंदरांचा डोस बघा: दर किलो वजनाला २० मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला सरळ गुणाकाराने १,२०० मिलिग्रॅम होतील. तसं गुणायचं नसतं. उंदराचा डोस माणसाला लावताना शरीराच्या पृष्ठफळाचा हिशेब धरून साधारण १२ ने भागतात. तरी शंभरेक मिलिग्रॅम कार्बन शिरेतून द्यावा लागेल, तोही पुढे शरीरातून कसा आणि कधी बाहेर पडेल याची खात्री नसताना. शिवाय त्या उंदरांची गाठ कातडीखालीच होती आणि लेझरची तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला २ वॅट होती. या लेझरसाठी कातडीला सुरक्षित मानलेली मर्यादा सुमारे ०.३३ वॅट आहे, म्हणजे सहापट फरक.

हे पदार्थ नेमके आहेत तरी काय?

चादरीच्या दुकानात घड्यांची थप्पी असते ना, ती म्हणजे ग्रॅफाइट, पेन्सिलीतलं शिसं. त्या थप्पीतली एकच चादर काढली, फक्त एका अणूच्या जाडीची, की ते ग्राफीन. २००४ मध्ये मँचेस्टरला गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी ते चक्क चिकटपट्टीने सोलून वेगळं केलं. २०१० चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यासाठीच मिळालं. ती चादर गुंडाळून नळी केली की कार्बन नॅनोट्यूब. जपानच्या इजिमा यांनी १९९१ मध्ये तिचं वर्णन केलं आणि मग जगभर त्यावर काम सुरू झालं. फुटबॉलसारखा ६० अणूंचा गोळा म्हणजे फुलरीन. तो १९८५ चा, नोबेल १९९६ चं. कार्बन डॉट म्हणजे १० नॅनोमीटरहून लहान, प्रकाश पडला की चमकणारे ठिपके. २००४ मध्ये नॅनोट्यूब शुद्ध करताना उरलेल्या कचऱ्यात ते अपघाताने सापडले. स्फोटातून तयार होणारे ४-५ नॅनोमीटरचे नॅनोडायमंडही याच घराण्यातले.

चादरीची उपमा एवढ्यापुरतीच धरा. चादरीला उभे-आडवे धागे असतात, ग्राफीनला मधमाशीच्या पोळ्यासारखी षट्कोनी जाळी असते.

कोळशाची पावडर पोटात घेतली तर चालेल का?

नाही. विषबाधेत देतात तो ॲक्टिव्हेटेड चारकोल आतड्यातच राहतो, रक्तात जात नाही. उलट गोळीच्या रूपात चालू असलेली औषधं तोच शोषून घेतो.

‘कार्बन आयन थेरपी’ म्हणजे हेच का?

नाही. तो रेडिएशनचा, म्हणजे आपल्याकडे लोक ज्याला ‘शेक’ म्हणतात त्याचा एक प्रकार आहे. प्रचंड यंत्रातून कार्बनचे आयन वेगाने गाठीवर सोडतात. जपानमध्ये चिबा इथे १९९४ पासून त्याने रुग्णांवर उपचार होतात. नाव सारखं असल्याने घोळ होतो.

कॅन्सरवर हे काम करतं तरी कसं?

मुख्य रस्ते दोन. पहिला, औषध वाहून नेणं. ग्राफीनच्या एका ग्रॅमचं पृष्ठफळ, दोन्ही बाजू धरून, कागदावरच्या हिशेबाने २,६३० चौरस मीटर भरतं. डॉक्सोरुबिसिनसारख्या केमोच्या औषधाच्या रेणूत सपाट कड्या असतात. त्या ग्राफीनच्या सपाट अंगाला पानाला पान चिकटावं तशा चिकटतात. रक्ताचा पीएच ७.४ असतो, तिथे ही चिकट बऱ्यापैकी टिकते. पेशीने कण गिळला की तो ४.५ ते ५.५ पीएचच्या आंबट पिशवीत जातो. तिथे औषध जास्त विरघळतं आणि सुटतं.

दुसरा रस्ता उष्णतेचा. मोबाईलचा टॉर्च लावून त्यावर बोट दाबून धरा. बोट लालच दिसतं. निळा-हिरवा प्रकाश रक्त खाऊन टाकतं, लाल पार जातो. लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा ७०० ते ९०० नॅनोमीटरचा प्रकाश त्याहून सहज जातो. काळा कार्बन नेमका तो शोषून तापतो. ४२-४५ अंशांना पेशी खचू लागतात आणि केमो-रेडिएशनला जास्त दाद देतात. ५० च्या वर काही मिनिटांत मरतात.

अडचणही त्या बोटानेच कळते. बोटातून पार जाणारा प्रकाश तळहातातून जेमतेम जातो आणि पोटातून जातच नाही. उपयोगाची खोली काही मिलिमीटर ते फार तर एक-दोन सेंटिमीटर. यकृत किंवा स्वादुपिंडातल्या गाठीपर्यंत पोचायचं तर सुईतून तंतू आत घालावा लागतो, आणि एकदा सुई आत गेलीच, तर तिनेच गाठ जाळायची पद्धत, रेडिओफ्रीक्वेन्सी ॲब्लेशन, आज रोजच्या वापरात आहे. मग कार्बनची गरज कुठे उरते, हा प्रश्न या क्षेत्रात विचारला जायला हवा तेवढा जोरात विचारला जात नाही.

शिरेतून दिलेले कण थेट गाठीतच जातात ना?

जाहिरातीतलं चित्र तसं असतं. गाठीच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, त्यातून कण आत झिरपतात, हे १९८६ मध्ये जपानी संशोधकांनी मांडलं आणि त्यावर सगळी उमेद उभी राहिली. २०१६ मध्ये दहा वर्षांतल्या शोधनिबंधांचा एकत्र हिशेब झाला, सगळ्या प्रकारचे नॅनोकण धरून. दिलेल्या डोसपैकी गाठीत पोचलेला वाटा मध्यक काढला तर ०.७ टक्के निघाला. बाकीचे बहुतेक यकृत आणि प्लीहेत अडकतात. रक्तात शिरताक्षणी कणावर प्रथिनांचा लेप बसतो आणि पहारेकरी पेशी त्याला कचरा समजून उचलतात. पीईजीचं आवरण हा लेप बसणं लांबवतं, थांबवत नाही.

तरी नॅनो म्हणजे सगळं हवेतलं, असंही नाही. चरबीच्या सूक्ष्म पिशवीतलं डॉक्सोरुबिसिन अमेरिकेत १९९५ पासून आणि अल्ब्युमिनला बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल २००५ पासून मंजूर आहे. दोन्ही आपल्याकडेही मिळतात. तुमच्या फाइलमध्ये ‘लायपोसोमल’ किंवा ‘नॅब’ लिहिलं असेल तर ते हे. त्यात कार्बनचा नॅनोपदार्थ नसतो.

माणसात वापरलेला एकही कार्बन नॅनोपदार्थ नाही का?

एक आहे, आणि त्याची बातमी सहसा होत नाही. चीनमध्ये कार्बनच्या कणांचं काळं निलंबन शस्त्रक्रियेत लसिकागाठी (लिम्फ नोड) ओळखण्यासाठी मंजूर आहे. एका मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम कार्बन, कण सरासरी १५० नॅनोमीटर. हे माप मुद्दाम निवडलेलं आहे. रक्तकेशिकांच्या भिंतीतल्या फटी साधारण २०-५० नॅनोमीटरच्या असतात, तिथून कण जात नाही. लसिकावाहिन्यांच्या फटी १२० ते ५०० च्या, तिथून जातो. सर्जन गाठीच्या आसपास अगदी थोडं टोचतो आणि काही मिनिटांत लसिकागाठी काळ्या पडतात.

थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये त्याचा दुसरा फायदा म्हणजे पॅराथायरॉइड ग्रंथी काळ्या पडत नाहीत. तांदळाच्या-डाळीच्या दाण्याएवढ्या या ग्रंथी चुकून निघाल्या तर रुग्णाचं कॅल्शियम घसरतं, हातपाय वळतात. काळ्यात जे पिवळसर राहिलं ते वाचवायचं, इतकं ते सोपं होतं. चूक होते ती टोचताना. सुई आधी ओढून रक्त येत नाही हे पाहिलं नाही किंवा घाईने दाबलं, तर शाई बाहेर फुटते आणि सगळं क्षेत्रच काळं होतं. स्तनात कातडीला फार जवळ टोचलं तर गोंदणासारखा डाग राहतो.

इथे कार्बन गाठ मारत नाही, फक्त खूण करतो. आमच्या मते या सगळ्या घराण्यातलं आजवरचं सगळ्यात पक्कं काम हेच.

हे पदार्थ स्वतःच कॅन्सर करतात असं ऐकलं. खरं का?

आकारावर आणि लांबीवर अवलंबून आहे. २००८ मध्ये उंदरांच्या पोटाच्या पोकळीत लांब, ताठ नॅनोट्यूब घातल्या तेव्हा ॲस्बेस्टॉससारखी सूज आली. आखूड आणि गुंतलेल्यांनी तशी आणली नाही. कारण असं, की पहारेकरी पेशी स्वतःपेक्षा लांब सुई गिळू पाहते, ती अर्धी बाहेर राहते आणि पेशी आपली रसायनं आजूबाजूला सांडत बसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१४ मध्ये एमडब्ल्यूसीएनटी-७ नावाची एक जात ‘कॅन्सरकारक असू शकते’ अशा २बी गटात टाकली. बाकीच्या नॅनोट्यूबना ‘वर्गीकरण करता येत नाही’ हा शेरा मिळाला. तो निर्दोषपणाचा दाखला नव्हे.

ग्राफीन ऑक्साइड (ऑक्सिजन जोडलेलं ग्राफीन) किंवा कार्बन डॉटला हे सरसकट लावू नका. कार्बन डॉट बरेच लहान असतात आणि साधारण ५-६ नॅनोमीटरखालचे लघवीवाटे निघून जाऊ शकतात. नॅनोट्यूबही अगदी अमर नाहीत. पांढऱ्या पेशींतलं मायलोपेरॉक्सिडेज हे विकर त्या कुरतडतं, हे २०१० मध्ये दाखवलं गेलं. फक्त वेग मंद.

प्रयोगशाळेत नॅनोट्यूबची पावडर हाताळताना किती जपावं?

अमेरिकेच्या नायोश या कामाच्या जागेवरची सुरक्षा पाहणाऱ्या संस्थेची शिफारस आठ तासांच्या सरासरीने हवेच्या दर घनमीटरला १ मायक्रोग्रॅमची आहे. ६ बाय ८ मीटरची, ३ मीटर उंच खोली घ्या: १४४ घनमीटर. म्हणजे त्या अख्ख्या खोलीच्या हवेत ०.१४४ मिलिग्रॅम तरंगलं की मर्यादा गाठली. चिमटीतल्या पावडरीच्याही तो किरकोळ भाग झाला.

म्हणून मे महिन्यात खोलीत ४२ अंश असले तरी वजन करताना पंखा बंद. फ्यूम हूडमध्ये, एन-९५ लावून, दोन हातमोजे घालून. शक्य असेल तर पावडर विकत घेण्याऐवजी पाण्यातलं मिश्रणच घ्या. सांडलं तर ओल्या टिश्यूने टिपा; झाडू मारला तर तीच पावडर परत हवेत. उरलेलं सिंकमध्ये नाही, घट्ट झाकणाच्या डब्यात, नाव-तारीख लिहून घातक कचऱ्यात. डॉक्सोरुबिसिन लागलेली पिपेटची टोकं आणि नळ्या वेगळ्या, सायटोटॉक्सिक कचऱ्यात.

हमर्स पद्धतीने ग्राफीन ऑक्साइड करताना कुठे चुकतं?

लहान मापाचं प्रमाण: ग्रॅफाइट १ ग्रॅम, सोडियम नायट्रेट ०.५ ग्रॅम, तीव्र सल्फ्युरिक आम्ल २३ मिलिलिटर. बर्फात ठेवून पोटॅशियम परमँगनेट ३ ग्रॅम थोडं थोडं घालायचं, तापमान २० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. मग ३५ अंशांवर अर्धा तास. लगदा घट्ट, तपकिरी होतो. त्यानंतर ४६ मिलिलिटर पाणी थेंबाथेंबाने. मिश्रण आपसूक तापून ९८ अंशांपर्यंत चढतं, तिथे १५ मिनिटं. शेवटी १४० मिलिलिटर कोमट पाणी आणि ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, पिवळा रंग येईतो.

धोका परमँगनेटच्या पायरीत आहे. आम्लात त्याचं मँगनीज हेप्टॉक्साइड बनतं आणि ते ५५ अंशांच्या वर स्फोट पावतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात बर्फाचं भांडं वीस मिनिटांत कोमट पाण्याचं होतं. एक किलो बर्फ आणून भागत नाही. मीठ घातलेला बर्फ दुप्पट ठेवा, थर्मामीटर मिश्रणात बुडवा, बर्फात नव्हे, आणि चमचाभर परमँगनेट एकदम टाकू नका. सोडियम नायट्रेटमुळे तपकिरी विषारी वायू निघतो, म्हणून हूडशिवाय हे करायचंच नाही.

धुताना पहिले दोन-तीन हात ५-१० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाने द्या, नाहीतर मँगनीज राहतं आणि पुढे पेशी मेल्याचं श्रेय ग्राफीनला मिळतं. पाण्याने धुता धुता पीएच वर जाऊ लागला की लगदा फुगून जेली होते आणि सेंट्रिफ्यूजमध्ये बसत नाही. तिथून पुढे डायलिसिस, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या पिशवीत भरून पाण्यात ठेवणं. ओव्हन ५० अंशांच्या आतच. पोटॅशियमचे क्षार राहिलेलं सुकं ग्राफीन ऑक्साइड भुर्रकन पेट घेतं.

तयार माल पाण्यात झकास विरघळल्यासारखा दिसतो आणि पेशींच्या माध्यमात टाकला की गुठळ्या. क्षार त्याचा विद्युतभार झाकतात. म्हणून आधी पीईजी जोडा आणि १० टक्के सीरम घातलेल्या माध्यमात ३७ अंशांवर २४ तास ठेवून पाहा. तळाला काळं बसलं तर पेशींकडे जाऊच नका.

डाळिंबाच्या सालीपासून कार्बन डॉट केले, निळे चमकतात. झालं का?

शेंगांची टरफलं, डाळिंबाची साल, लिंबाचा रस, या भागात काय मिळत नाही! पण सालीतला माल हंगामागणिक बदलतो, त्यामुळे या महिन्याची बॅच पुढच्या महिन्याशी जुळत नाही. तुलनेला एक ठरलेली कृती हाताशी ठेवा: सायट्रिक आम्ल १.०५ ग्रॅम, एथिलीनडायअमीन ३३५ मायक्रोलिटर, पाणी १० मिलिलिटर. ३० मिलिलिटरच्या टेफ्लॉन अस्तराच्या ऑटोक्लेव्हमध्ये २०० अंशांवर ५ तास. पूर्ण गार झाल्याशिवाय उघडायचं नाही.

खरी गोम पुढे आहे. सायट्रिक आम्ल आणि अमीन तापवले की चमकणारे साधे छोटे रेणूही तयार होतात. डायलिसिस न करता घेतलेली चमक बऱ्याचदा त्यांचीच असते. १,००० डाल्टनच्या पिशवीत निदान दोन दिवस ठेवा, पाणी दर सहा-आठ तासांनी बदला आणि बाहेरचं पाणीही यूव्ही दिव्याखाली धरा. पिशवी फिकी आणि बाहेरचं पाणी झगझगीत असेल, तर तुमच्याकडे डॉट कमी आणि रंग जास्त आहे.

एमटीटी चाचणीत पेशी मरतात किंवा भलत्याच वाढतात. का?

एमटीटी पेशी किती जिवंत आहेत हे जांभळ्या रंगावरून मोजते, आणि त्या चाचणीला कार्बन फसवतो. नॅनोट्यूब फॉर्माझानच्या जांभळ्या स्फटिकांना धरून ठेवतात, ते विरघळत नाहीत आणि जिवंत पेशी मेलेल्या दिसतात. ग्राफीनच्या बाबतीत उलटही होतं: ते स्वतःच एमटीटीचं क्षपण करून जांभळा रंग आणतं आणि मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. शिवाय काळा पदार्थ ५७० नॅनोमीटरवर स्वतः प्रकाश खातोच.

पेशी नसलेल्या खोबणीत पदार्थ आणि एमटीटी टाकून ती संख्या आधी मोजा. एमटीटीपूर्वी पीबीएसने दोनदा धुवा. जोडीला पाण्यात विरघळणारा रंग देणारी डब्ल्यूएसटी-८ करा आणि ट्रायपॅन ब्लू घालून डोळ्यांनीही पाहा. तिन्ही एकाच दिशेला बोलल्या तरच आकडा लिहा.

औषध किती बसलं, याचा हिशेब कसा धरायचा?

१० मिलिग्रॅम वाहकात ५ मिलिग्रॅम डॉक्सोरुबिसिन घातलं, अंधारात रात्रभर ढवळलं, फिरवून वरच्या पाण्यात ४८० नॅनोमीटरवर १.२ मिलिग्रॅम मोकळं सापडलं. बसलं ३.८. घातलेल्यापैकी ७६ टक्के. वजनाचा वाटा मात्र ३.८ भागिले १३.८, म्हणजे २७.५ टक्के. काही जण ३.८ भागिले १० करून ३८ टक्के लिहितात. दोन्ही चालतं, पण कोणतं ते लिहा.

फसगत अशी होते: फॉस्फेट बफरमध्ये, पीएच ८ च्या आसपास, डॉक्सोरुबिसिन स्वतःच गोळा होऊन तळाला बसतं आणि तुम्ही ते ‘वाहकावर बसलं’ म्हणून मोजता. नुसत्या औषधाची एक नळी शेजारी फिरवा. तिच्यातही तळाला लाल ठिपका दिसला, तर आधीचे सगळे आकडे पुन्हा काढावे लागतील.

चाचणीत, म्हणजे ट्रायलमध्ये, नाव घालायचं असेल तर?

भारतातली प्रत्येक ट्रायल सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असावी लागते. २००९ पासून ते सक्तीचं आहे. नोंदणी क्रमांक मागा आणि संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहा. नॅनोऔषधांसाठी केंद्र सरकारची वेगळी मार्गदर्शक तत्त्वं २०१९ मध्ये आली. ट्रायलच्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. संमतिपत्र मराठीत मागावं, घरी नेऊन वाचावं, आणि मधूनच बाहेर पडायचा हक्क तुमचा असतो.

मग आत्ता, या आठवड्यात, काय करायचं?

बायोप्सीचा कागद हातात नसेल तर तो आधी. शहरात सिव्हिल आहे. सत्तरेक किलोमीटरवर बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे, आणि ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये तिथेच सुरू झाली. टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या मंडळींनी शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यात १,३१,७४६ बायकांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीची पाहणी केली. २००९ च्या निष्कर्षात एकदाच केलेल्या एचपीव्ही या विषाणूच्या तपासणीच्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आलेले दिसले. नॅनोच्या कुठल्याही कणाने अजून माणसांत एवढं केलेलं नाही.

मुंबईत परळला, टाटा मेमोरियलला जायचं ठरलं तर रात्रीची सिद्धेश्वर आहे. कॅन्सर रुग्णाला आणि सोबतच्या एकाला रेल्वेत सवलत मिळते, त्यासाठी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन, केमो, शेक तिन्ही येतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी आरोग्यमित्राच्या टेबलाशी जा, भरती झाल्यावर नव्हे.

आणि घरात कुणी विड्या वळत असेल किंवा मावा खात असेल, तर आज त्यांना उजेडात तोंड उघडायला लावा. पांढरा चट्टा, दोन-तीन आठवडे न भरलेली जखम, किंवा तीन बोटं उभी आत जात नाहीत इतकं तोंड कमी उघडणं, यातलं काहीही दिसलं तर उद्या सकाळी ओपीडीत.